दाढ काढल्यावर ‘पावरफुल गोळी’ मागू नका. कोणी दिलीच तर आधी विचारा

“डॉक्टर, जरा पावरफुल गोळी द्या. रात्री दुखायला लागलं तर आमच्याकडे काही सोय नाही.” महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात दाढ काढून घेतलेले रुग्ण हे वाक्य फार वेळा बोलतात. कशेडीच्या वरच्या वाड्यांतून आलेले तर हमखास बोलतात. मग कधी डॉक्टरांच्या चिठ्ठीने, तर कधी मेडिकलवाल्याच्या तोंडी सल्ल्याने ट्रॅमाडॉल असलेली गोळी हातात पडते. रुग्ण खूश, डॉक्टर निवांत, दुकानदाराचा माल खपला. सगळेच समाधानी.

माझे म्हणणे असे की, ही पद्धत बंद झाली पाहिजे. दाढ काढल्यावर पहिलीच गोळी म्हणून ओपिऑइड देण्याला शास्त्राचा आधार नाही. ही गोळी ‘पावरफुल’ आहे हा समजच मुळात चुकीचा आहे. दातांच्या दुखण्यावर ती साध्या गोळ्यांपेक्षा सरस ठरत नाही, धोका मात्र कितीतरी जास्त असतो. यात दोष एकट्या रुग्णाचा नाही. मागणारा, लिहिणारा आणि विकणारा असे तिघेही यात आहेत. म्हणून हा लेख तिघांसाठी आहे, पण मुख्यतः तुमच्यासाठी, कारण गोळी शेवटी तुमच्या पोटात जाते.

ओपिऑइड म्हणजे नेमके काय?

अफूच्या बोंडातून निघणाऱ्या चिकात मॉर्फीन आणि कोडीन असते. त्यांच्यासारखेच काम करणारी, पण कारखान्यात बनवलेली औषधे म्हणजे ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल वगैरे. या साऱ्या कुटुंबाला ओपिऑइड म्हणतात. ही औषधे मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतात. तिथे ती वेदनेची जाणीव बोथट करतात. पण त्याच यंत्रणेच्या हाती झोप, मळमळ, आतड्यांची हालचाल, सुखाची भावना आणि श्वासाची गतीही असते. म्हणून या गोळ्यांनी गुंगी येते, चक्कर येते, उलट्या होतात, शौचाला खडा होतो. मात्रा जास्त झाली किंवा सोबत दारू अथवा झोपेची गोळी पोटात गेली, तर श्वास मंदावतो. काही लोकांना ती ‘बरे वाटण्याची’ गोळी वाटू लागते आणि तिथून सवयीची वाट सुरू होते.

आता दाढ काढल्यावर दुखते का, ते पाहू. हाडातून दात उपटला, कधी हिरडी कापली, हाड थोडे कोरले. त्या जागी सूज येते. सुजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात आणि ती तिथल्या नसांना चेतवतात. म्हणजे दुखण्याचे मूळ जबड्यात आहे, मेंदूत नाही. आयब्युप्रोफेनसारखी औषधे ही रसायने तयार होणेच कमी करतात. ओपिऑइड सुजेला हातही लावत नाही. कौल फुटून घरात गळत असेल तर कौल बदलायचे असते, डोळे मिटून पडल्याने गळती थांबत नाही.

आकडे काय सांगतात?

वेदनाशामक औषधांच्या चाचण्या जगभर ज्या दुखण्यावर सर्वाधिक झाल्या, ते दुखणे म्हणजे अक्कलदाढ काढल्यानंतरचे. त्यामुळे इथे अंदाजाने बोलण्याची गरज नाही.

कॉक्रेन ही संस्था जगभरातल्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढते. तिच्या २०१३च्या आढाव्यात आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम एकत्र दिल्यावर १०० पैकी ७३ रुग्णांचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले. निम्म्या मात्रेनेही ६९ जणांना तेवढा आराम पडला. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १०० पैकी ७ होते. उलट एकट्या कोडीनची ६० मिलिग्रॅमची मात्रा पाहिली, तर एका रुग्णाला असा फायदा व्हायला सुमारे १२ जणांना गोळी द्यावी लागते.

अमेरिकेत पाच ठिकाणी झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. अक्कलदाढ काढलेल्या १८०० हून अधिक रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ओपिऑइड आणि पॅरासिटामॉल, दुसऱ्याला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. ओपिऑइड न घेतलेल्या गटाला आराम कमी पडला नाही. उलट पहिल्या दिवशी तो जास्त पडला.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितले आहे. दात काढल्यानंतर पहिली निवड आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनची, एकटे किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने. ओपिऑइड फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना ही औषधे चालत नाहीत किंवा पुरत नाहीत. तेही कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. ‘असू द्या, लागलीच तर’ म्हणून लिहून ठेवायचे नाही.

“हे अमेरिकेचे लफडे, आपल्याकडे काय?”

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. आधी अमेरिकेत काय झाले ते पाहा. २०१६ साली तिथल्या दंतवैद्यांनी लिहिलेल्या दर १०० चिठ्ठ्यांपैकी सुमारे २२ ओपिऑइडच्या होत्या. इंग्लंडमध्ये हे प्रमाण १०० मागे एकसुद्धा नव्हते. इंग्लंडच्या माणसाचा जबडा वेगळा नसतो आणि तिथे लोक दाढ काढून तळमळत पडत नाहीत. फरक दुखण्यात नव्हता, सवयीत होता.

त्या सवयीची किंमत कोणी मोजली? १६ ते २५ वयाच्या, पूर्वी ओपिऑइड न घेतलेल्या ज्या तरुणांना दंतवैद्याने २०१५ साली ते लिहून दिले, त्यांचा पुढचे वर्षभर मागोवा घेतला गेला. त्यांच्यातल्या ५.८ टक्के जणांच्या नोंदीत वर्षाच्या आत ओपिऑइडच्या गैरवापराचे निदान आले. ज्यांना ते लिहून दिले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ०.४ टक्के होते. यातला प्रत्येक जण दाढेच्या गोळीनेच बिघडला असे कोणी म्हणू नये. पण न लागणारी गोळी देऊन हा जुगार खेळायचा कशाला?

आणि आपल्याकडे काहीच नाही, हेही खरे नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइड वापरतात आणि त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे, असे आढळले. यात अफू आणि हेरॉइनसोबत मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोळ्याही आहेत. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने ट्रॅमाडॉलला अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले, ते उगाच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्या यादीत पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल, टॉरिन आणि कॅफिन यांची एकत्र गोळी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर प्रकरण आपल्याच राज्यात निघाले. पालघर जिल्ह्यातल्या एका कारखान्यातून टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची मिश्र गोळी पश्चिम आफ्रिकेत जाते आणि तिथल्या रस्त्यांवर नशेसाठी विकली जाते, हे बीबीसीने दाखवले. त्यानंतर छापा पडला आणि केंद्राने या मिश्रणाच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घेतली. पालघर काही सातासमुद्रापार नाही.

“पण आम्ही लांब राहतो, रात्री कुठे जायचे?”

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर राहणाऱ्याला रात्री दोन वाजता महाडला दंतवैद्याकडे जाता येत नाही. शेवटची एसटी कधीच गेलेली असते. म्हणून सोबत जोरदार गोळी असलेली बरी, असे रुग्णाला वाटते आणि डॉक्टरलाही वाटते.

मला नेमके उलटे वाटते. दवाखाना लांब आहे, म्हणूनच ही गोळी नको. त्याची तीन कारणे.

पहिले, त्रास झालाच तर तो रात्रीच होणार आहे. ट्रॅमाडॉल शरीरात कसे चालते, हे यकृतातल्या एका एन्झाइमवर अवलंबून असते आणि हे एन्झाइम प्रत्येकात सारखे नसते. कोणाला गोळी लागूच पडत नाही, तर कोणाला तीच मात्रा जास्त होते. ज्याला फिट येतात त्याला ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ती धोकादायक ठरते. रोज संध्याकाळी ‘थोडी’ घेणाऱ्याने दुखते म्हणून दारू आणि गोळी दोन्ही घेतली, तर झोपेत श्वास मंदावतो आणि घरच्यांना वाटते, बिचारा गाढ झोपलाय. आयब्युप्रोफेनलाही धोके आहेत आणि ते पुढे सांगतो. पण ते असे झोपेत श्वास रोखत नाहीत.

दुसरे, रस्ता. या भागातली कितीतरी घरे गाडीवर चालतात. कोणी ट्रक चालवतो, कोणी डंपर, कोणी टुरिस्ट गाडी, कोणी मोटरसायकलवर महाडच्या एमआयडीसीत पाळीला जातो. बोगदा झाल्याने कशेडीची अवघड वळणे टळली असतील, पण बोगद्यातही पापणी क्षणभर मिटली की संपले. ओपिऑइडची गुंगी दारूसारखी वासाने कळत नाही. चालकाला स्वतःलाही ती कळतेच असे नाही. दाढ काढून दुसऱ्या दिवशी कामावर जायचे आहे, अशा माणसाच्या हातात ही गोळी देणे मला पटत नाही.

तिसरे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येते. दाढ काढल्यावरचे दुखणे पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरत जाते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढू शकते, पण दुखणे कमी व्हायला हवे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते उलट वाढले, कानापर्यंत कळ जाऊ लागली, तोंडाला घाण वास येऊ लागला, तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडलेले असते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसते. मिशरी आणि तंबाखूही त्या कच्च्या जखमेवर नकोच. ड्राय सॉकेटचा इलाज म्हणजे खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरणे. त्यासाठी खुर्चीवर बसावे लागते. जोरदार गोळी घेऊन चार दिवस घरी काढले, तर इलाज चार दिवस लांबतो. पू झाला असेल तर तो गळ्याकडे उतरू शकतो. वाढत जाणारे दुखणे हा निरोप असतो, त्या निरोप्याचे तोंड दाबू नका.

कायदा आहे, पण काउंटरपर्यंत पोचत नाही

ट्रॅमाडॉल हे औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत मार्च २०१४ पासून आहे. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. दुकानदाराने वेगळ्या वहीत रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या लिहायची असते आणि ती वही ३ वर्षे जपायची असते. पाकिटावर लाल चौकटीत इशाराही छापलेला असतो. पण पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून कागदाच्या पुडीत दिल्या, की ती लाल चौकट दुकानातच राहते. रुग्णाच्या हाती येते ती नाव नसलेली पांढरी गोळी. ना बिल, ना नोंद. ‘दाढेसाठी जोरदार काहीतरी द्या’ म्हटल्यावर मिळणारी गोळी आयब्युप्रोफेन आहे की ट्रॅमाडॉल, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. ही गोष्ट औषध दुकानदारांनी स्वतःहून थांबवायला हवी.

डॉक्टरांबद्दलही बोलले पाहिजे. ‘रुग्ण रात्री फोन करू नये’ हे ओपिऑइड लिहिण्याचे कारण होऊ शकत नाही. पाच मिनिटे बसून गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावले आणि दुसऱ्या दिवशी एक फोन केला, तर बरेचसे काम भागते. त्या पाच मिनिटांची जागा ट्रॅमाडॉल घेऊ शकत नाही.

मग ओपिऑइड वाईटच का?

नाही. आणि इथे दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फीन हे वरदान आहे. १९८५च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे आणि भीतीमुळे आपल्या देशात औषधी मॉर्फीनचा वापर इतका घटला की लाखो रुग्ण तळमळत गेले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून वाट थोडी मोकळी केली. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय किंवा पुण्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र अशा ठिकाणी हेच औषध काळजीपूर्वक वापरून माणसांना सुखाची झोप दिली जाते. तुमच्या घरात असा रुग्ण असेल आणि डॉक्टरांनी मॉर्फीन लिहिले असेल, तर ‘व्यसन लागेल’ म्हणून ते थांबवू नका.

आपल्याकडची उलटी गंगा पाहा. ज्याला खरी गरज आहे त्याला मॉर्फीनसाठी वणवण, आणि ज्याची दाढ काढली त्याला ट्रॅमाडॉल पुडीत. दाढेसाठी ते जितके सैल वाटले जाईल, तितका कायदा कडक होईल आणि मार बसेल तो कर्करोगाच्या रुग्णाला.

दाढेच्या बाबतीतही अपवाद आहेत. ज्याला पोटात व्रण आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत आणि शस्त्रक्रिया मोठी झाली आहे, अशा मोठ्या माणसाला डॉक्टर दोन-तीन दिवसांपुरते ओपिऑइड देऊ शकतात. तो निर्णय रुग्ण पाहून, विचारपूस करून घेतलेला असावा. छापील चिठ्ठीतली ठरलेली ओळ नसावी.

तुम्ही काय करायचे?

१. दात काढण्याआधीच आजार आणि चालू गोळ्या सांगा. दमा, पोटातला व्रण, मूत्रपिंड, यकृत, फिट, रक्त पातळ करणारी गोळी, झोपेची गोळी, गरोदरपण, अंगावर दूध पाजणे, दारू. लाजू नका.

२. गोळीचे नाव विचारा. “यात ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा कोडीन आहे का? मला ते का लागते? किती दिवस?” हे तीन प्रश्न कोणत्याही डॉक्टरला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

३. पहिली गोळी बधिरता उतरण्याआधी घ्या, पोटात काही खाऊन. दुखणे चढल्यावर त्याच्या मागे धावण्यापेक्षा हे सोपे असते. पहिले एक-दोन दिवस, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, घड्याळ पाहून घ्या. मग कमी करत थांबवा.

४. आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकाच गोळीत असलेली औषधे आपल्याकडे सर्रास मिळतात. त्यांच्यावर आणखी तापाची गोळी घेताना मोजा. धडधाकट मोठ्या माणसाने २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन कमी असेल, दारूची सवय असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर मर्यादा याहून कमी. ती डॉक्टरांना विचारा.

५. पावसाळ्यात ताप असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो आणि लेप्टोत मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. गरोदर बाईनेही या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

६. १२ वर्षांखालच्या मुलाला ट्रॅमाडॉल किंवा कोडीन कधीही नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये तशी स्पष्ट मनाई केली आहे. अंगावर पाजणाऱ्या आईनेही या गोळ्या टाळाव्यात, कारण औषध दुधातून बाळाकडे जाते.

७. पहिल्या दिवशी गालाला बाहेरून बर्फाचा शेक, उशी उंच. चूळ जोरात भरायची नाही, थुंकत बसायचे नाही, विडी-मिशरी बंद. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या.

८. ओपिऑइड घेतलेच असेल तर गाडी नाही, दारू नाही, झोपेची गोळी नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात ‘पुढच्या वेळेला’ ठेवू नका आणि शेजाऱ्याच्या कंबरदुखीसाठी देऊ नका. गणपतीला, शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या पाकिटातली गोळीही नको.

९. तिसऱ्या दिवशी दुखणे वाढले, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा गळ्याखाली सूज आली, तर जास्त जोराची गोळी शोधू नका. गाडी शोधा. गोळी घेतलेला माणूस हलवूनही जागा होत नसेल किंवा श्वास फार सावकाश चालला असेल, तर लगेच १०८ ला फोन करा.

दुखणे सहन करा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. दाढ काढल्यावर दुखते आणि ते कमी करणे हे डॉक्टरांचे कामच आहे. फक्त ते सुजेवर काम करणाऱ्या, स्वस्त आणि पारखलेल्या औषधांनी करावे. पुढच्या वेळी ‘पावरफुल’ हा शब्द ओठांवर आला, तर त्याऐवजी एवढेच विचारा: “यातली कुठली गोळी किती वाजता घ्यायची, ते लिहून देता का?”